मंद्र ध्वनीची विभागणी: सबवूफर व मुख्य स्पीकर यांच्यातील सीमारेषा

१. विषयाची व्याप्ती

ध्वनिमुद्रित वाणीचा अभ्यास करणारा संशोधक ध्वनिग्राहकाची निवड काळजीपूर्वक करतो. स्पीकरचा विचार मात्र बहुधा करीत नाही. मुद्रण सदोष असले तर सामग्री सदोष ठरते, हे सर्वमान्य आहे. परंतु श्रोत्यांना ध्वनी ऐकवून त्यांचे निर्णय नोंदविण्याच्या प्रयोगात पुनरुत्पादन सदोष असेल, तर निष्कर्षही तितकेच सदोष ठरतात. बहुवाहिनी ध्वनिरचना चित्रपटगृहांतून घरांत आणि तेथून व्याख्यानकक्षांत आली आहे. तिच्यात ध्वनीचा खालचा, म्हणजे मंद्र भाग मुख्य स्पीकरांकडून काढून घेऊन सबवूफर या स्वतंत्र स्पीकरकडे सोपविला जातो. ही विभागणी कोणत्या कंप्रतेवर, म्हणजे दर सेकंदाच्या किती कंपनांवर, करावी. ती का करावी. आणि ती चुकल्यास काय घडते, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनाच्या ओघात असे दिसून येईल की, ही सीमारेषा मानवी कंठाच्या मर्यादेला अगदी लागून जाते. त्यामुळे हा विषय केवळ यंत्रज्ञांचा राहत नाही.

२. विभागणीची आवश्यकता

मनुष्यास सामान्यतः २० ते २०,००० हर्ट्‌झ या कंप्रतांचे ध्वनी ऐकू येतात. ध्वनीचा हवेतील वेग २० अंश सेल्सिअस तपमानास सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे २० हर्ट्‌झच्या तरंगाची लांबी १७ मीटरांहून अधिक, ८० हर्ट्‌झच्या तरंगाची सुमारे ४.३ मीटर, तर १०,००० हर्ट्‌झच्या तरंगाची साडेतीन सेंटिमीटरांच्या आतच भरते. इतक्या भिन्न प्रमाणाच्या तरंगांची निर्मिती एकाच पडद्याकडून समाधानकारक रीतीने होऊ शकत नाही.

खालच्या टोकाची अडचण विशेष आहे. ध्वनीचा दाब तोच ठेवून कंप्रता निम्मी केली, की स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. ८० हर्ट्‌झसाठी जो पडदा एक मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्‌झसाठी चार आणि २० हर्ट्‌झसाठी सोळा मिलिमीटर हलावे लागेल. लहान पडद्याला हे झेपत नाही; तो आपल्या मर्यादेशी आदळतो आणि त्याच वेळी त्याच्याकडून निघणारे वरचे स्वरही विकृत होतात. त्यावर कानाच्या प्रकृतीची भर पडते. समप्रबलता-वक्रांचे आद्य मापन फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केले. आजच्या प्रमाणित वक्रांनुसार १,००० हर्ट्‌झच्या ४० डेसिबल स्वराइतका मोठा वाटण्यासाठी ८० हर्ट्‌झच्या स्वराला सुमारे ६८ आणि २० हर्ट्‌झच्या स्वराला सुमारे १०० डेसिबल लागतात. सारांश, मंद्र ध्वनी निर्माण करणे कठीण आणि तो ऐकू येणेही कठीण. म्हणून त्याचे ओझे मोठ्या पडद्याच्या व स्वतंत्र शक्तीच्या सबवूफरवर टाकणे हे मुख्य स्पीकरांच्याही हिताचे ठरते.

३. ‘०.१’ या संज्ञेचा अर्थ

चित्रपटगृहांत मंद्र ध्वनीला स्वतंत्र स्थान प्रथम मिळाले ते परिणामाच्या हेतूने. १९७४ सालच्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी सेन्सराउंड ही पद्धती वापरण्यात आली. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींत पडद्यामागील दोन वाहिन्या मंद्र ध्वनीच्या पुष्टीसाठी खर्ची घातल्या गेल्या. १९९२ साली ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल पद्धती चित्रपटगृहांत आली आणि ५.१ हे रूप स्थिरावले. त्यात डावी, मधली व उजवी या समोरच्या तीन आणि भोवतालच्या दोन अशा पाच पूर्ण वाहिन्या असतात. सहावी वाहिनी फक्त १२० हर्ट्‌झच्या आतील परिणामध्वनींसाठी राखलेली असते. पूर्ण वाहिनीच्या मानाने तिचा पट्टा फारच अरुंद, म्हणून ती ‘०.१’. पुनरुत्पादनाच्या वेळी तिला मुख्य वाहिन्यांच्या तुलनेने १० डेसिबल अधिक प्रबलता दिली जाते.

येथे संज्ञेमुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. ही सहावी वाहिनी म्हणजेच ‘सबवूफरची वाहिनी’ असे सर्रास मानले जाते. ते बरोबर नाही. वाहिनी ही मुद्रणातील गोष्ट, तर सबवूफर ही खोलीतील वस्तू. मुद्रणातील पाचही मुख्य वाहिन्यांत २० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी असू शकतो व पुष्कळदा असतोही. उलट, सहावी वाहिनी रिकामी असूनही सबवूफर अखंड काम करीत असतो, कारण मुख्य वाहिन्यांचा खालचा भाग त्याच्याकडे वळविलेला असतो. ५.१ मुद्रणाचे दोन वाहिन्यांत रूपांतर करताना सहावी वाहिनी सामान्यतः गाळली जाते; म्हणून आवश्यक आशय केवळ तिच्यात ठेवू नये, असा संकेत आहे.

दुसरा गैरसमज ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ या शब्दांचा. ध्वनिसंयंत्रात प्रत्येक स्पीकरपुढे या दोहोंपैकी एक शब्द निवडावयाचा असतो. वाचणारा तो स्पीकरच्या आकाराशी जोडतो आणि आपला उंच स्पीकर ‘स्मॉल’ म्हणविण्यास कचरतो. वस्तुतः ‘स्मॉल’चा अर्थ इतकाच की, या स्पीकरचा मंद्र भाग काढून सबवूफरकडे पाठवावा, ‘लार्ज’चा अर्थ, तो भाग त्याच्याकडेच राहू द्यावा. विशेषण स्पीकरला लावलेले दिसते, पण ते सांगते ध्वनीच्या वाटपाविषयी. उत्तम व मोठ्या स्पीकरलाही बहुधा ‘स्मॉल’ म्हणणेच श्रेयस्कर ठरते.

४. विभागणीची रचना

मंद्रव्यवस्थापन या नावाने ओळखली जाणारी क्रिया तीन टप्प्यांची आहे. पहिल्यात प्रत्येक मुख्य वाहिनी एका फिल्टरमधून जाते व ठरविलेल्या सीमेखालील भाग तिच्यातून वगळला जातो. दुसऱ्यात सर्व वाहिन्यांचे वगळलेले भाग एकत्र मिळवून त्यांत सहावी वाहिनी तिच्या १० डेसिबलच्या वाढीसह मिसळली जाते. तिसऱ्यात ही बेरीज सबवूफरकडे जाते. पाचही वाहिन्यांत एकच मंद्र ध्वनी एकाच वेळी असेल तर केवळ त्यांचीच बेरीज एका वाहिनीपेक्षा १४ डेसिबलांनी वाढते. म्हणून सबवूफरची क्षमता एका मुख्य स्पीकरशी ताडून पाहणे व्यर्थ होय.

फिल्टर सीमेवर ध्वनी कुऱ्हाडीने तोडल्यासारखा तोडीत नाही. तो उतार देतो. सीमेच्या आसपासच्या पट्ट्यात दोन्ही स्पीकर एकाच वेळी बोलत असतात, आणि सर्व अडचणी या सामाईक पट्ट्यात उद्भवतात. यावर सर्वाधिक स्वीकारलेला उपाय सिगफ्रीड लिंक्‌विट्‌झ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी रस रायली यांच्या नावासह तो लिंक्‌विट्‌झ-रायली फिल्टर म्हणून ओळखला जातो. त्याच्या चतुर्थ श्रेणीच्या रूपात उतार दर सप्तकास २४ डेसिबल असतो; सीमेवर प्रत्येक भाग ६ डेसिबलांनी, म्हणजे निम्म्या दाबापर्यंत, उतरतो; आणि दोन्ही भाग सर्वत्र समान कलेत, म्हणजे कंपनचक्राच्या एकाच अवस्थेत, राहतात. निम्मे आणि निम्मे मिळून पूर्ण एक होते.

टॉमलिन्सन होल्मन यांच्या मार्गदर्शनाखाली लुकासफिल्ममध्ये उदयास आलेल्या टीएचएक्स प्रमाणांत घरगुती रचनेसाठी ८० हर्ट्‌झची सीमा धरली आहे. तेथील योजना लक्षात घेण्याजोगी आहे. बंद पेटीचा स्पीकर आपल्या खालच्या मर्यादेनंतर स्वभावतःच दर सप्तकास १२ डेसिबलांनी उतरतो. ही मर्यादा ८० हर्ट्‌झवर ठेवून तिला फिल्टरचा आणखी १२ डेसिबलांचा उतार जोडला, की चतुर्थ श्रेणीचा उतार सिद्ध होतो. सबवूफरला मात्र संपूर्ण २४ डेसिबलांचा उतार फिल्टरनेच दिला जातो. येथे फिल्टर आणि पेटी मिळून एकच साधन बनते. छिद्र असलेल्या पेटीचा स्पीकर मुळातच दर सप्तकास २४ डेसिबलांनी उतरत असल्यामुळे त्याची मर्यादा सीमेजवळ आली तर हा हिशेब बिघडतो. म्हणून सीमा स्पीकरच्या मर्यादेवर न ठेवता तिच्या बरीच वर ठेवणे इष्ट होय.

५. दिशेचा प्रश्न आणि पुरुषकंठाची मर्यादा

सीमा वर नेण्यालाही मर्यादा आहे, आणि ती कानाने घातलेली आहे. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडलेल्या द्विविध उपपत्तीनुसार वरच्या कंप्रतांची दिशा दोन कानांवरील प्रबलतेच्या फरकावरून, तर खालच्या कंप्रतांची दिशा ध्वनी दोन्ही कानांवर पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून कळते. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या जवळपास असतो. ८० हर्ट्‌झचे एक चक्र १२.५ मिलिसेकंदांचे, तेव्हा हा फरक चक्राच्या अठराव्या हिश्श्याइतकाच भरतो. मोकळ्या जागेत तोही कानाला पुरतो. बंद खोलीत मात्र पहिले चक्र पूर्ण होण्याच्या आतच भिंतींवरून परतलेला ध्वनी त्यात मिसळतो व हा सूक्ष्म संकेत पुसला जातो. म्हणून मंद्र ध्वनीला दिशा नसते, हे प्रचलित विधान दुरुस्त करून असे म्हणावयास हवे की, सामान्य खोलीत सुमारे ८० हर्ट्‌झखालील ध्वनीची दिशा ओळखू येत नाही. सबवूफर कोपऱ्यात ठेवण्याची मुभा या एकाच गोष्टीवर उभी आहे.

आता मानवी वाणीकडे वळता येईल. प्रौढ पुरुषाच्या सहज बोलण्याची मूल कंप्रता सरासरीने १०० ते १३० हर्ट्‌झ, स्त्रीची २०० हर्ट्‌झच्या आसपास आणि लहान मुलाची त्याहून वर असते. खर्जातील पुरुषकंठ ८० हर्ट्‌झपर्यंत उतरतो. म्हणजे ८० हर्ट्‌झची रेषा वाणी आणि वाणीबाह्य मंद्र ध्वनी यांच्या सीमेजवळून जाते. ती वर सरकविली तर काय होते, हे गणिताने दाखविता येते. १२० हर्ट्‌झ मूल कंप्रतेचा वक्ता घेतला, आणि सीमा ८० हर्ट्‌झवर असली, तर त्याच्या मूल स्वरातील सबवूफरकडे जाणारा अंश मूळ पातळीपेक्षा सुमारे १६ डेसिबलांनी खाली असतो. सीमा १२० वर नेली की तो ६ डेसिबल खाली, म्हणजे मुख्य स्पीकरच्या बरोबरीने येतो. १५० हर्ट्‌झवर नेली की सबवूफरकडील अंश केवळ ३ डेसिबल खाली राहतो व मुख्य स्पीकरकडील अंश त्याहून बराच दुबळा होतो. तेव्हा वक्त्याचे ओठ पडद्यावर मध्यभागी दिसतात, व्यंजने व स्वरांचे वरचे संनादी घटक मध्य स्पीकरमधून येतात, पण कंठातील भरीवपणा कोपऱ्यातून येतो. एकाच माणसाचा आवाज दोन ठिकाणी विभागला जातो.

अतिशय लहान स्पीकरांच्या संचात सीमा १५० हर्ट्‌झ किंवा त्याहून वर ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी सबवूफर कोपऱ्यात न ठेवता मधल्या स्पीकरच्या लगत ठेवणे हाच उपाय उरतो. तसेच सीमा योग्य असूनही सबवूफरची जागा कळत असेल, तर दोष बहुधा विकृतीचा असतो: ४० हर्ट्‌झच्या स्वराबरोबर तो १२० व १६० हर्ट्‌झचे अनाहूत घटकही निर्माण करीत असतो, आणि कान त्यांचा माग काढतो.

६. अंतर, कला आणि खोली

सीमेवरील ‘निम्मे आणि निम्मे मिळून एक’ हा हिशेब दोन्ही ध्वनी श्रोत्यापाशी एकाच कलेत पोहोचले तरच जुळतो. सबवूफर मुख्य स्पीकरपेक्षा एक मीटर दूर असला तर त्याचा ध्वनी सुमारे २.९ मिलिसेकंद उशिरा येतो. ८० हर्ट्‌झवर हा फरक जवळजवळ पाव चक्राचा आहे. अंतर सव्वादोन मीटरांच्या जवळपास गेले की फरक अर्ध्या चक्राचा होतो, आणि मग बेरजेऐवजी वजाबाकी होते. यासाठी संयंत्रात प्रत्येक स्पीकरचे अंतर नोंदवून जवळच्या स्पीकरांना विलंब दिला जातो. सबवूफरच्या अंतर्गत मंडलांमुळे होणारा विलंबही त्यात धरावा लागत असल्यामुळे टेपने मोजलेले अंतर पुष्कळदा अपुरे ठरते. पडताळ्याची एक सोपी रीत अशी: सबवूफरची जोडणी मुद्दाम उलटी करून सीमेवरील स्वर वाजवावा आणि तो सर्वांत क्षीण होईपर्यंत विलंब बदलावा; नंतर जोडणी सुलटी करावी. उलट्या जोडणीत ज्या स्थितीत पूर्ण वजाबाकी होते, त्याच स्थितीत सुलट्या जोडणीत पूर्ण बेरीज होते.

एवढे करूनही खोली उरतेच. समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण होतात. त्यांची पहिली कंप्रता म्हणजे ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागून येणारी संख्या. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत लांबीच्या दिशेने सुमारे ३४, ६९ व १०३. रुंदीच्या दिशेने ४३, ८६ व १२९. आणि उंचीच्या दिशेने ५७ व ११४ हर्ट्‌झ अशा कंप्रता मिळतात. या कंप्रतांचे स्वर एका खुर्चीवर फुगतात, तर दुसरीवर जवळजवळ नाहीसे होतात. मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राप्रमाणे, निनादकाल ०.४ सेकंद असल्यास, या ६० घनमीटरांच्या खोलीत सुमारे १६० हर्ट्‌झखाली असे सुटे सुटे स्थिर तरंगच ध्वनीवर सत्ता गाजवतात. त्यावर ते इतके दाट होतात की एकेकट्याचा प्रभाव उरत नाही.

फुगलेला स्वर विद्युत-समीकरणाने दाबता येतो, पण परस्परछेदाने नाहीसा झालेला स्वर वाढवून आणता येत नाही. कारण जितका ध्वनी वाढवावा तितकाच त्याचा छेद करणारा ध्वनीही वाढतो. अधिक मूलगामी उपाय सबवूफरच्या स्थानाचा आहे. टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोलीविषयी मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन, किंवा चारही भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवण्याची रचना खुर्च्याखुर्च्यांतील फरक कमी करणारी ठरली. याचे कारण स्पष्ट आहे: समोरासमोरच्या भिंतींवर पहिल्या स्थिर तरंगाचा दाब परस्परविरुद्ध असतो, म्हणून दोन सबवूफर एकत्र वाजले की ते त्या तरंगाला उठू देत नाहीत. सबवूफर एकच असल्यास तो श्रोत्याच्या जागी ठेवून खोलीत फिरावे, आणि जेथे मंद्र ध्वनी सर्वांत समतोल ऐकू येईल तेथे तो नेऊन ठेवावा. ध्वनिस्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी दोहोंमधील ध्वनिमार्गाचे गुणधर्म बदलत नाहीत, या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे.

७. स्वनविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्व

येथे असा आक्षेप संभवतो की, वाणीच्या आकलनासाठी या सर्वांची गरज काय? जुन्या दूरध्वनीवरून ३०० ते ३,४०० हर्ट्‌झचाच पट्टा जात असे. तरीही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे आणि त्याच्या बोलण्याचा सूर कळे. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. मूल कंप्रता अनुपस्थित असली तरी वरच्या संनादींच्या परस्परांतरावरून कान तिची उच्चनीचता ठरवितो. झेबेक यांनी १८४१ साली भोंग्यावरील प्रयोगांतून हा प्रश्न उपस्थित केला, शाउटेन यांनी १९४० साली त्याला नवे स्पष्टीकरण दिले, आणि लिकलायडर यांनी १९५४ साली खालचा पट्टा गोंगाटाने झाकूनही उच्चनीचता टिकते हे दाखविले.

पण धोका नेमका याच क्षमतेत आहे. उच्चनीचता योग्य ऐकू आल्यामुळे पुनरुत्पादन विश्वसनीय आहे, असा संशोधकाचा समज होतो. ध्वनिगुणाची, म्हणजे घोषाच्या जातीची गोष्ट निराळी आहे. तेथे मूल कंप्रतेच्या घटकाचे केवळ अस्तित्व नव्हे, तर दुसऱ्या संनादीच्या तुलनेने त्याचे बळ निर्णायक असते. एली फिशर-यॉर्गेन्सन यांनी १९६७ साली गुजरातीतील मर्मरित स्वरांच्या अभ्यासात या पहिल्या घटकाचे आधिक्य नोंदविले. ‘दार’ आणि ‘धार’, ‘बात’ आणि ‘भात’ यांचा भेद मराठी श्रोता ज्या खुणांवरून करतो, त्यांत महाप्राण घोषानंतरच्या स्वराचा हा मर्मर एक आहे. ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ यांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. केली हार्पर बर्कसन यांनी २०१३ साली कॅन्सस विद्यापीठास सादर केलेला प्रबंध मराठीतील घोषप्रकारांच्या अशाच ध्वनिमापनाला वाहिलेला आहे.

वर वर्णिलेल्या खोलीत ११४ हर्ट्‌झ मूल कंप्रतेच्या वक्त्याचा ‘भात’ हा शब्द ऐकविला, असे समजू. त्याचा पहिला घटक उंचीच्या दिशेच्या स्थिर तरंगावर नेमका बसतो. दुसरा घटक, २२८ हर्ट्‌झचा, स्थिर तरंगांच्या सत्तेबाहेर राहतो. त्यामुळे डोके कोणत्या उंचीवर आहे त्याप्रमाणे पहिल्या घटकाचे दुसऱ्याशी असलेले प्रमाण कित्येक डेसिबलांनी बदलू शकते. त्यातच सीमा १२० हर्ट्‌झवर असली आणि सबवूफरची कला जुळलेली नसली, तर पहिल्या घटकाला मोठी खोच पडते. एका रांगेतील विद्यार्थ्याला मर्मर पुष्ट ऐकू येईल, दुसऱ्या रांगेतील विद्यार्थ्याला तो दुर्बळ वाटेल, आणि दोघांच्या उत्तरांतील फरक त्यांच्या बोलीभेदाच्या खाती जमा होईल. असा निष्कर्ष खोलीविषयीचा असतो, भाषेविषयीचा नव्हे.

८. उपसंहार

उपर्युक्त विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे मांडता येईल. मुख्य स्पीकरांचा मंद्र भाग सबवूफरकडे वळविणे सामान्यतः योग्य आहे. त्यासाठी ८० हर्ट्‌झची सीमा पुरुषकंठाला बहुतांशी अखंड ठेवणारी व दिशेची जाणीव न बिघडविणारी म्हणून आरंभास स्वीकारावी; ती वर न्यावी लागली तर सबवूफर मध्य स्पीकरच्या जवळ आणावा. कला व अंतर यांचा पडताळा कानाने नव्हे, तर श्रोत्याच्या जागी ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने मापन करून घ्यावा. व्याख्यानासाठी व चित्रपटासाठी एवढे पुरेसे आहे.

घोषप्रकार, मर्मर वा कर्कश घोष यांच्या श्रवणप्रयोगांसाठी मात्र हे पुरेसे नाही. तेथे एकाच जातीचे, मापन केलेले हेडफोन वापरावेत. आणि स्पीकर वापरणे अपरिहार्य असल्यास प्रत्येक आसनावरील ६० ते ३०० हर्ट्‌झच्या पट्ट्याचा प्रतिसाद मोजून तो निष्कर्षांसोबत प्रसिद्ध करावा. ध्वनिग्राहकाचे नाव व त्याचे ओठांपासूनचे अंतर देण्याची शिस्त मुद्रणाच्या बाबतीत रूढ आहे. श्रवणप्रयोगाच्या अहवालातही स्पीकर, विभागणीची सीमा आणि आसनांची जागा यांची नोंद त्याच शिस्तीने व्हावयास हवी.